घोडा मध्येच बसला

सुरुवात मागून करते. माझी जागाच मागची आहे.

लहान मुलांच्या नाटकात कापडाचा घोडा असतो, आत दोन माणसं घातलेला. त्यातला मागचा अर्धा भाग म्हणजे मी. पुढचा अर्धा म्हणजे आमचे हे. लग्न आणि घोडा एकाच वर्षी सुरू झाले आणि दोन्हीकडच्या जागा तेव्हापासून बदललेल्या नाहीत.

नाटक मंडळी माझ्या नणंदेची. ती लिहिते, बसवते, पोशाख शिवून घेते आणि राजाचं काम स्वतः करते, दाढी चिकटवून. घरी मी तिला ताई म्हणते, रंगमंचावर ती महाराज असते, आणि दोन्हीकडे मी तिच्यापुढे वाकलेली असते.

मागच्या भागाचं काम सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कमरेत वाकायचं, दोन्ही हात पुढच्याच्या कमरेवर ठेवायचे. दिसतं काय, तर फळ्या, स्वतःचे पाय आणि नवऱ्याच्या टाचा. पुढच्याची चैन असते. घोड्याच्या तोंडाला जाळी आहे, तिच्यातून त्याला सगळं दिसतं, हवा लागते. एक दोरी ओढली की जबडा हलतो, दुसरी ओढली की कान. मला एकच दोरी, शेपटीची.

आत बोलायला बंदी. घोडा दोन आवाजांत कुजबुजायला लागला की मुलांना शंका येते. म्हणून आमचं बोलणं हातांचं. एक थाप म्हणजे 'हळू, पाय गुंतलाय'. उजवीकडे दाबलं की 'लाथ मारतेय, तोल सांभाळा'. आणि दोन्ही बाजूंनी घट्ट चिमटा म्हणजे 'मी बसले, तुम्हीही बसा'. घोड्याने बसताना मागच्याने आधी बसायचं असतं, पुढच्याने नंतर. उलटं झालं तर

थांबा. आली.

ती आली की हातातलं काम जिथल्या तिथे सोडावं लागतं, म्हणून वाक्यही सोडलं. छातीच्या मधोमध कुणीतरी स्टोव्ह पेटवतं. मग मान तापते, मग कान. कानांवर पोळ्या भाजून निघतील. मग घाम, धारांनी. मग एकदम गार. एवढ्यात कुणीतरी प्रेमाने विचारतं, "काय होतंय गं?" आणि त्या माणसाला खिडकीतून खाली टाकावंसं वाटतं. मग, त्याला टाकावंसं वाटलं म्हणून रडू येतं. कपातला चहा निवायच्या आत हे सगळं उरकलेलं असतं.

गेली.

उलटं झालं तर घोडा नाकावर आपटतो, असं सांगत होते.

*

डॉक्टरीणबाईंशी झालेलं बोलणं, आठवतं तसं.

"दोन्ही बाजूंना गाठी आहेत. गर्भाशय, अंडाशय, सगळंच काढावं लागेल."

"काढा."

"पाळी तिथल्या तिथे बंद होईल. बाकी बायकांचं हळूहळू होतं, तुमचं एकाच दुपारी होणार. गरम वाफा येतील. झोप उडेल. सांधे धरतील. चिडचिड होईल, विसरायला होईल, त्वचा कोरडी पडेल."

"आणि चांगलं काय होईल?"

"गाठी नसतील." त्यांनी माझ्याकडे जरा बघून घेतलं. "काम काय करता?"

"घोडा."

"घोड्यांची देखभाल?"

"नाही. घोडा. मागचा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वाकायचं काम आहे का त्यात?"

"दुसरं काहीच नाही त्यात."

त्रास कमी करायला गोळ्या असतात, पण माझ्या आईचा स्तनाचा कर्करोग लक्षात घेता त्या मला नकोत असं त्या म्हणाल्या. हवेशीर राहा, म्हणाल्या. सुती कपडे घाला. मी मान डोलावली. आमचा घोडा फरचा आहे. फरच्या आत स्पंज, स्पंजाला अस्तर, आणि अस्तराच्या आत मी.

याला रजोनिवृत्ती म्हणतात. निवृत्ती म्हटल्यावर निदान एखादा निरोपसमारंभ असावा. मला भूल दिली आणि उठवलं तेव्हा कार्यक्रम आटपला होता. शेजारणीने मात्र एका वाक्यात निकाल लावला. "पिशवी काढली ना? सुटलीस." सुटले खरी. कशातून ते तिने सांगितलं नाही आणि कशात अडकले ते मी सांगितलं नाही.

पुढे विश्रांतीचे महिने गेले आणि अंगाने आपले नवे रंग दाखवले. गुडघे वाजायला लागले. हनुवटीवर एक राठ केस उगवला, उपटला तर जोडीदार घेऊन आला. तिकडे ताई गोंद लावून दाढी चिकटवते आणि इकडे माझी फुकटात येते. शब्द तर असे जातात की पुसूच नका. दिवेवाले काका, म्हणजे आमच्याकडे दिव्यांचं, सुतारकामाचं आणि न विचारलेल्या सल्ल्याचं काम बघणारे गृहस्थ, त्यांना मी एकदा म्हणाले, "घोडा त्या ह्याच्यावर टांगा, ते भिंतीत असतं ना, त्यावर." ते म्हणाले, "खिळा?" नाही. "हूक?" नाही. आम्ही दोघं घोडा हातात धरून भिंतीकडे बघत उभे राहिलो. शेवटी त्यांनी तो खुर्चीवर बसवला.

*

परतल्यावरचा पहिला प्रयोग. सरहद्दीवर शत्रू आलेला आहे, शूर घोडा निरोप घेऊन दौडत जाणार आहे, आणि त्याआधी महाराज त्याला उद्देशून भाषण करतात. हे भाषण ताईचं फार लाडकं आहे. दर वर्षी त्यात दोन वाक्यं वाढतात.

महाराज: हे इमानी प्राण्या, तुझ्या पाठीवर आज साऱ्या राज्याचा भार आहे...

पाठ म्हणजे माझी पाठ. आणि तेवढ्यात स्टोव्ह पेटला.

आत अंधार, वर फर, नाकापुढे नवऱ्याची पँट. मी शहाण्यासारखं दात-ओठ आवळून उभी राहिले. पण दात-ओठ आवळताना बोटंही आवळली जातात, हे माझ्या ध्यानात आलं नाही. दोन्ही हातांनी मी ह्यांना कचकचून धरलं.

ह्यांनी तो चिमटा ऐकला. इतक्या वर्षांची सवय. बायको बसली म्हणते, म्हणजे बसलीच असणार. हे खाली बसले. मी उभीच.

मुलांना काय दिसलं ते मला नंतर कळलं. महाराज इमानदारीवर बोलत असताना शूर घोड्याने नाक जमिनीला लावलं आणि ढुंगण आभाळाकडे करून तो तसाच राहिला. वर शेपटी थरथरत होती. हसण्याचा असा लोट आला की फळ्यांमधून माझ्या तळपायांना जाणवला. मग मला वाटलं आपणही बसावं. बसले. तोवर हे उठायला लागले होते.

"उठ," दाढीच्या आतून महाराज पुटपुटले. "उठ म्हणते ना. आधी कोण उठतंय ते ठरवा आणि उठा."

*

प्रयोगानंतर ताईने दाढी एका ओढीत काढली. एरवी ती कोमट पाणी लावून हळूहळू सोडवते.

"काय होतं ते?"

"वाफ आली, ताई. चुकून चिमटा बसला."

"वाफ. आम्हाला नाही का झालं हे सगळं? आम्ही कुठे रंगमंचावर बसलो?"

"तुमचं हळूहळू झालं. माझं एकदम..."

"मुलांना शूर घोडा दाखवायचा आहे. शूर घोडा असा ढुंगण वर करून उभा राहिला तर शत्रूला निरोप कोण देणार?"

"शत्रूला नाही, सेनापतीला," दिवेवाले काका म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी लगेच काहीतरी उपयोगाचं बोलायचं ठरवलं. "मागे चाकं लावता येतील. सामानाच्या ट्रॉलीची पडून आहेत. एक सांगाडा ठोकला, वर फर ओढली, की झालं. वहिनींनाही आराम."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे घोड्याचं मुंडकं मांडीवर घेऊन त्याचे केस विंचरत होते.

"तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

"बघू," हे म्हणाले.

दुसरं काहीही म्हणाले असते तरी चाललं असतं. अंगातलं एवढं सामान काढून दिलं, त्याचं मला इतकं वाटलं नव्हतं. ते आत होतं, दिसत नव्हतं, शेवटी शेवटी तर छळतच होतं. पण घोड्यातली जागा माझी होती. तिथे मला नवऱ्याची पाठ कळायची, त्याचा मूड टाचांवरून कळायचा, आणि मुलं हसली की पहिल्यांदा माझ्या पायांना कळायचं. तिथे आता ट्रॉलीची चाकं येणार होती, आणि त्यावर माझा नवरा बघणार होता.

*

स्वयंपाकघर. मी फ्रिजचं दार उघडून त्यात अर्धी आत. हे दारात.

"दूध नासेल."

"नासू दे. मला पुढे जायचंय."

"कुठे?"

"घोड्यात. पुढे हवा लागते. तुम्ही मागे या."

ते घसा साफ करून म्हणाले, "पुढचं काम अभिनयाचं असतं."

"दोरी ओढून जबडा हलवायचा."

"कानही आहेत."

"कानही हलवीन."

"लोक मला येऊन सांगतात, तुमच्या घोड्याच्या डोळ्यांत भाव असतात म्हणून."

"बटणं आहेत ती. मीच शिवली आहेत."

ते त्यांना लागलं. मलाही बोलल्यावर लागलं, पण तोंड फ्रिजमध्ये होतं म्हणून निभावलं. "मग लावा चाकं," मी म्हणाले. "चाकांची पाठ दुखत नाही. चाकांना घाम येत नाही. आणि तुमच्या मोज्यांच्या वासाबद्दल चाकं अवाक्षर काढणार नाहीत." एवढं म्हणून मी रडायला लागले, आणि रडताना भाजीचा कप्पा बाहेर काढून त्यात डोकं घालायचा प्रयत्न केला, कारण तो जास्त गार असतो. ह्यांनी तो माझ्या हातातून घेतला, परत लावला आणि जाऊन बाहेर बसले.

दुसऱ्या दिवशी चाकांची तालीम झाली. मला बोलावलं नव्हतं, काकांकडून कळलं. रंगमंच पुढच्या बाजूला जरासा उतरता असतो. त्यावरून दौडत यायचं म्हटल्यावर हे आपले चार पावलं टाकताहेत तोवर मागचा भाग सुटला, ह्यांच्या पोटऱ्यांवर आदळला आणि ह्यांना घेऊन सरळ महाराजांच्या अंगावर गेला. सिंहासन मोडलं. "चाकं उत्तम आहेत," काका म्हणाले. "उतारात खोट आहे."

हे लंगडत घरी आले. पोटरीला पट्टी होती. बुटाची नाडी सोडता सोडता माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताईला सांगितलं मी. तू पुढे, मी मागे."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, एकच प्रयोग. घोडा परत मध्येच बसला, तर ती चाकांना ब्रेक बसवून घेणार आहे."

"आणि तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवेना.

"म्हटलं, बसणार नाही."

खुंटी. घोडा टांगायचा होता ती खुंटी. आत्ता आठवलं, म्हणून सांगून ठेवते, नाहीतर परत जाईल.

*

प्रयोग एका मोठ्या शाळेच्या सभागृहात होता. विंगेत मी मुंडकं चढवलं. हे माझ्यामागे वाकले आणि माझ्या कमरेवर हात ठेवले, पाहुण्यांच्या घरच्या सोफ्यावर ठेवावेत तसे.

"नीट धरा."

"धरलंय."

"धरायचं, टेकायचं नाही."

"मागे फार अंधार आहे गं," हे म्हणाले. काही माहिती माणसाला आपली आपण मिळू द्यावी.

आम्ही बाहेर आलो आणि मी पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं मी ज्यांचं हसणं फळ्यांतून ऐकत होते त्यांना तोंडं होती. पहिल्या रांगेत एक दात पडलेली मुलगी होती, ती माझ्याकडे, म्हणजे घोड्याकडे, श्वास रोखून बघत होती. मी कान हलवला. तिने शेजारणीला कोपर मारलं. मी दुसरा हलवला. जाळीतून वारा येत होता. ह्यांनी ही सगळी मजा एकट्याने खाल्ली होती आणि घरी येऊन अभिनयाच्या गप्पा मारल्या होत्या.

मागे ह्यांचे हाल चालले होते. ते एक पाऊल उशिरा यायचे, मग भरपाई म्हणून दोन टाकायचे. दोनदा शेपटीऐवजी माझ्या ब्लाउजची नाडी ओढली. हळू चला, पाय गुंतलाय अशा थापा तर सारख्या येत होत्या. आणि मला एक गोष्ट उमगली. मला काही सांगायचं झालं तर माझ्याकडे साधनच नव्हतं. हात त्यांचे, कंबर माझी. पुढच्याने नुसतं ऐकायचं.

महाराजांचं भाषण मात्र निर्विघ्न पार पडलं. वाढलेल्या दोन वाक्यांसकट. मी जबडा हलवून निरोप स्वीकारला. आता दौड. तीन फेऱ्या मारायच्या आणि विंगेत जायचं. पहिली झाली. दुसरीच्या मध्यावर

आली.

वाऱ्यात उभी होते, तोंड उघडं होतं, तरी आली. मी इतके दिवस घोड्याला दोष देत होते. फर, स्पंज, अस्तर. त्यांचा काही संबंध नव्हता. आग माझी होती. मला पुढे उभं करा, मागे करा, फ्रिजमध्ये ठेवा, ती सोबत येणार होती.

मी थांबले. पाय पुढे जाईनात. डोळ्यांत घाम उतरला, दात पडलेली मुलगी पुसट झाली. सभागृह शांत झालं. महाराज सिंहासनावरून, नव्याने ठोकलेल्या, माझ्याकडे बघत होते आणि त्या बघण्यात ब्रेकची ऑर्डर दिसत होती.

ह्यांचे हात माझ्या कमरेवर होते. ब्लाउज भिजून चिकटला होता, तो त्यांच्या बोटांना लागला असणार. आधी हात नुसते घट्ट झाले. मग सैल. मग दोन्ही बाजूंनी एकदम चिमटा आला.

बस.

मला वाटलं चुकून. आताच तर ह्यांनी ताईला शब्द दिला होता. मी हलले नाही. परत चिमटा आला, पहिल्यापेक्षा जोराचा, आणि माझ्यामागे हे खाली बसले. मुद्दाम. सावकाश, मागच्याने बसायचं असतं तसं आधी. आता मी उभी राहिले असते तर कापड फाटलं असतं. मी बसले. निरोप घेऊन निघालेला शूर घोडा रंगमंचाच्या मधोमध पाय मुडपून बसला, आणि मुलं हसायला लागली.

महाराज उठले. तलवारीवर हात ठेवून सावकाश आमच्याकडे आले. "सरहद्दीवर शत्रू आला आहे," ते मोठ्याने म्हणाले, "आणि तू बसतोस?" मुलं आणखी हसली. महाराज जाळीपर्यंत वाकले. इतक्या जवळून मला दाढीच्या कडेचा गोंद दिसत होता.

"वाफ?" ताईने हळूच विचारलं.

मी जबडा एकदा हलवला.

"किती वेळ?"

"थोडा," मी आतून म्हणाले.

ती तशीच वाकून राहिली. तिने विचार करताना ओठ मुडपले, दाढी हलली. "मला दरबाराच्या प्रवेशात यायची," ती म्हणाली. "दाढीतून पाणी टपकायचं. दोन वर्षं. प्रधानाला वाटायचं मी रडतेय."

"कुणाला सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगणार? राजा होते मी."

मग ती सरळ झाली, आणि काय करावं ते न सुचून, माझ्या शेजारी फळ्यांवर मांडी घालून बसली. मी तिला या नाटकात लिहिल्यापेक्षा वेगळं काही करताना कधी पाहिलं नव्हतं. तिने डोक्यावरचा पुठ्ठ्याचा मुकुट काढला आणि त्याने मला वारा घालायला लागली. मधेच स्वतःलाही घालून घेतला.

"प्रजाजनहो," ती म्हणाली, "युद्ध जरा थांबेल."

प्रजाजनांची काही हरकत नव्हती.

"यापुढे मला आधी कळवायचं," ती ओठ न हलवता मला म्हणाली. "कान हलव, शेपूट हलव, काहीही कर. मी तिथे भाषण लांबवत जाईन. तेवढं मला जमतं."

"आणि चाकं?"

"काका घेऊन जातील. त्यांच्या सामानाला लागतात."

मागून, फरच्या आतून, ह्यांचा आवाज आला. "ताई, इथे काही दिसत नाही. बरं आहे ना तिचं?"

"घोडा मागून बोलतोय," पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

दात पडलेली मुलगी मात्र हसत नव्हती. ती उठून अगदी रंगमंचाच्या काठाशी आली होती. "त्याला काय झालंय?" तिने महाराजांना विचारलं.

"गरम होतंय त्याला."

मुलीने घोडा वरपासून खालपर्यंत पाहिला. "मग त्याचा कोट काढा."

"कोट नाही गं तो," ताई वारा घालता घालता म्हणाली. "तो तोच आहे. जरा बस तूही."

मुलगी काठाशी टेकून बसली. वाफ उतरायला लागली होती. कानांपासून सुरू झाली, मग मान, मग अंगावर तो गार काटा. पाठीमागे ह्यांचे हात अजून कमरेवर होते आणि त्यांना धरायचं कसं ते आता जमलं होतं. मला उठता आलं असतं. मी आणखी थोडा वेळ बसले.